फुगलेली भिंत

मी पोचू मिस्त्रीला मारलं, हे आधीच सांगून टाकतो. लोक तिखटमीठ लावून सांगतातच. थप्पड नाही, कापूस झोडायच्या काठीनं मारलं. तो खाली पडल्यावरही मारलं. चौथ्या की पाचव्या फटक्याला त्याच्या उजव्या मनगटातून कटकन आवाज आला, तेव्हा माझ्या बायकोनं, सईदानं, मागून माझी कॉलर ओढली.

मी खुर्शीद. कोरपन्यात गाद्या भरतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, म्हणून चार वर्षांपूर्वी घराखाली तळघर काढलं. ते पोचूनंच बांधलं. यंदा जुलैत रस्त्याकडची भिंत गरोदर बाईच्या पोटासारखी आत फुगली. आडवी भेग अशी, की बोट आत जावं. वर सईदा आणि पोरगी गुड्डी झोपतात, माझी झोपच उडाली. पोचूला बोलावलं. तो भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "माही भिंत चांगली हाये, भाऊ. बाहेरून काहीतरी ढकलून राह्यलं." एवढ्यावरच माझं डोकं फिरलं.

मारूनही राग निवला नाही. सकाळी मजूर उभे राहतात त्या चौकात जाऊन मी बोंबललो, की पोचू सिमेंट खातो. त्याचा हात मोडला होताच, आता नावही गेलं. त्याला कुणी काम देईना.

पण मिस्त्रीचाच हात मोडला म्हणून माझ्याकडेही कुणी मिस्त्री फिरकेना. भिंत रोज जरा जरा आत येत होती. पंधरा दिवसांनी नाक मुठीत धरून मीच पोचूच्या दारात गेलो. तो घरी नव्हता. त्याची बायको रुखमा त्याच्या बरोबरीनं मिस्त्रीकाम करते. तिनं मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

"येते मी," ती म्हणाली. "तुह्यासाठी नाई. घरात पोरगी हाये म्हून. आन भिंत कोनाच्या पापानं फुगली, थे मले पाह्याचं हाये."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आली. आतून लाकडी बल्ल्यांचा टेका दिला आणि मला म्हणाली, "बाहेरून खंद. माती मोकळी झाल्याबिगर भिंत मागं जात नाई."

मी खणत गेलो. हातभर खाली टिकास खणकन वाजली. भिंतीला लागून गिट्टी आणि सिमेंटचा जाड पट्टा होता, खोल गेलेला.

ते मीच ओतलं होतं. मे महिन्यात काळी माती फाटते. यंदा भिंतीलगतच्या भेगांतून दोनदा साप निघाला, म्हणून मी शहाण्यानं सगळ्या भेगा बुजवल्या. वर मोहल्लाभर मिशीला पीळ देत सांगितलंही होतं.

"हे कोनं भरलं?" रुखमानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "मी," म्हटलं. "सापासाठी."

"पावसात माती फुगते. त्या भेगा म्हंजे तिची फुगाची जागा. थे तू बुजवली. मंग माती कुठी जाईन? भिंतीतच घुसन ना!"

हे ती हळूच बोलली. मग फावडं उलटं धरून तिनं दांडा माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी चरात कोसळलो. दुसरा फटका तोंडावर बसला आणि दोन दात मातीत पडले. सईदा धावत आली. "बाई, मरन ना तो!" मीच दुसरा हात वर करून तिला थांबवलं. खरं सांगतो, मला तो मार हवा होता.

रुखमानं फावडं फेकलं. "चौकात जा. जे बोलला, थे सारं वापस घे. तोवर मी भिंतीले जॅक लावत नाई."

आभाळ काळंकुट्ट झालं होतं. रक्त थुंकत मी चौकात गेलो. मजूर उभे होते. पोचूही होता, प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून, सगळ्यांपासून बाजूला. कुणी बोलावणार नाही हे ठाऊक असूनही तो रोज येत होता. मी सगळं ओरडून सांगितलं. भेगा, गिट्टी, माझा माज, त्याची चांगली भिंत.

पोचू जवळ आला. मारणार म्हणून मी डोळे मिटले. काहीच झालं नाही, तेव्हा उघडले. प्लास्टरातून बाहेर आलेली काळीनिळी बोटं त्यानं माझ्यापुढं धरली होती. तो ती वळवायला बघत होता. कपाळावर घाम आला, पण बोटं हलली नाहीत.

"डाक्टर म्हनते, हे आता वळनार नाई," तो म्हणाला. "नाव तं देलं तू वापस, भाऊ. आता थापी कायनं धरू?"