हसणाऱ्या बाबांची मूळ प्रत

बाबा हसताना दिसतात असा घरात एकच फोटो होता, आणि या क्षणी तो काचेसकट ट्रेमधल्या पाण्यात बुडालेला होता. बुडवला होता त्यांच्या थोरल्या लेकीने. तिची उभी हयात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत गेलेली, तेव्हा केले ते वाचून, पडताळूनच केले होते. जुन्या कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो. दमटपणाने तो काचेला चिकटला, तर ओढायचा नसतो, भिजवून सैल करायचा असतो. रविवारी आईच्या पंचाहत्तरीला सगळे जमणार होते आणि बाबांच्या गालावर बुरशी चढली होती. हात न लावून चालण्यासारखे नव्हते.

फोटोंची राखण तिच्याकडे कशी आली, हे कोणी ठरवले नव्हते. जो नीटनेटका त्याच्याच गळ्यात लोढणे, या जगाच्या न्यायाने ते आले. बाबा गेल्यावर आईने सगळी खोकी तिच्या स्वाधीन केली आणि तिने नियम घालून दिले. पाकिटे बंद ती बंदच. चौकटी उघडायच्या नाहीत. स्कॅन करायचे तर फोटो बाहेर काढावे लागतील, ओरखडे उठतील. म्हणून तेही नको. छत ठिबकू लागले की ती आधी कपाटाकडे धावे, मग बादलीकडे. धाकटा भाऊ तिला 'खजिनदारीणबाई' म्हणे. ती हसत नसे.

थोड्या वेळाने ती पाहायला आली, तर बाबांच्या मिशीतून जांभळा रंग पाण्यात उतरत होता. नेमका तेव्हाच भावाचा फोन आला.

"ताई, त्या फोटोला हात नको लावूस हं. नवी चौकट आणतोय मी, मीच बसवतो."

"बरं."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"सर्दी झालीय."

"अच्छा. पण खरंच, काच काढू नकोस."

"ठेव आता."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली. आता आईला काय सांगायचे? वाक्ये जुळवून पाहिली. प्रत्येक वाक्य 'माझ्या हातून' इथपर्यंत येई आणि अडे. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने ट्रेतले पाणी पेल्यात घेतले आणि पांढऱ्या कागदासमोर धरले. आयुष्यभर ती हेच करत आली होती. पाणी जांभळे होते, यात शंका नव्हती.

मग मात्र तिच्या कपाळावर आठी उमटली. त्या काळच्या फोटोतली प्रतिमा चांदीच्या कणांची. ती पाण्यात विरघळत नाही. काळ्यापांढऱ्या फोटोतून जांभळे येणार कुठून? हाताने रंगवलेला म्हणावा, तर तसा तो कधीच नव्हता. असा रंग सुटतो तो प्रिंटरच्या शाईतून. आणि बाबा असे हसले, तेव्हा प्रिंटर कोणी पाहिला होता?

आई आत मटार सोलत बसली होती.

"आई, चौकटीतला फोटो मूळ नाही."

"लागला का शोध?" आईने मान वर केली नाही. "मला वाटलं, मी गेल्यावरच लागेल."

"मूळ कुठाय?"

"धाकट्याकडे. बाबा गेले तेव्हा त्याला तो जवळ हवा होता. दुकानातून प्रत काढून आणली, ती चौकटीत घातली आणि मग खोकी तुला दिली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू काचेआडूनच दाखवला असतास त्याला. तेही हात धुवायला लावून."

"अजून कुठले दिलेस?"

"ज्याला जो हवा तो. निम्मे तरी गेले असतील."

लेक मटाराच्या ढिगाकडे पाहत राहिली. राग यायला हवा होता, आणि आलाही. पण तो घोटभरच निघाला. इतकी वर्षे तिने प्रिंटरची शाई डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती. आणि बाबांचे हसू सुखरूप होते. तिच्यामुळे नव्हे, तरीही होते. छातीवरची धोंड कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावी, तसे तिला झाले.

तिने भावाला फोन लावला. "माझी प्रत विरघळली. तुझी कशी आहे?"

तो हळूच म्हणाला, "आईनं सांगितलं?"

"पाण्यानं सांगितलं. कशी आहे?"

"चांगली आहे. पण ताई, तुला म्हणून सांगतो, जीव टांगणीला लागतो. घरात झुरळ दिसलं तरी मी आधी फोटो उघडून बघतो. बायको म्हणते, वेड लागलंय."

ती हसली. चांगली मोठ्याने हसली. आतून आईने वाकून पाहिले.

"रविवारी येताना घेऊन ये," ती म्हणाली, "आणि जाताना आठवणीनं परत ने."

"म्हणजे माझ्याकडेच ठेवू?"

"तुझ्याकडेच. वर दोन खोकीही देते."

"अगं, पण माझ्याकडे जागा कुठाय?"

"माझ्याकडे तरी कुठं होती?" ती म्हणाली, आणि ट्रेतले जांभळे पाणी मोरीत ओतून टाकायला उठली.