नाड्यांचा झगा

आमच्या ह्यांनी तीस वर्षं कॉलेजात एकच गोष्ट शिकवली. माणसाचं मोल पदावर, अकलेवर किंवा कपड्यांवर ठरत नाही. तो माणूस आहे, एवढंच पुरे. भांडी घासताना मीही ते इतकं ऐकलंय, की परीक्षेला बसले असते तर पहिली आले असते.

परवा पित्ताशयातल्या खड्यांसाठी ह्यांना दवाखान्यात दाखल केलं, आणि अंगावर हिरवा झगा आला. धुलाईच्या यंत्रात पाठीवरच्या नाड्या तुटलेल्या. पुढून प्राध्यापक, मागून सगळा आनंद! तपासणीची खोली व्हरांड्याच्या पार टोकाला, आणि वाटेत बाकांवर माणसंच माणसं.

"मी नाही जाणार," हे म्हणाले.

"अहो, प्रतिष्ठा कपड्यांत नसते ना?"

"ते वर्गात!"

तपासणी हुकली तर ऑपरेशन आठवडाभर पुढे जाणार होतं. कळा सोसून ह्यांचा चेहरा एवढासा झाला होता. म्हणून वॉर्डातल्या मावशींनी कपाटं धुंडाळली.

"नाड्यांचा हा एकच मिळाला, सर. तुम्हीच घाला. शेजारच्या आजोबांनाही न्यायचंय, पण त्यांना कुठे काय कळतंय?"

आजोबा दोन दिवस भिंतीशी पुटपुटत होते. त्यांना स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं.

ह्यांनी झगा जवळजवळ हिसकावलाच. मी गाठ मारली. स्वारी खूश होऊन दारापर्यंत गेली आणि थबकली. मला वाटलं, कळ आली.

"सोड ती गाठ. त्यांना दे हा."

"अहो, काहीतरीच काय!"

"मग वर्गात तोंड कसं दाखवू?"

"आणि आता जे दाखवायला निघालात, त्याचं काय?"

ह्यांचे कान लाल झाले होते, पण हे हटेनात. मला त्या क्षणी ह्यांचा राग आला आणि अभिमानही वाटला.

झगे बदलले. पुढे मावशींचा हात धरून आजोबा, मागे हे, आणि ह्यांना चिकटून मी, झग्याची टोकं मुठीत आवळून, हसू दाबत.

"हलवू नकोस," हे दातओठ खात म्हणाले.

व्हरांड्यात पहिल्या बाकापाशी आजोबा थांबले. मोकळा हात मागे नेऊन त्यांनी नाड्या चाचपल्या. एक गाठ, दुसरी गाठ. पाठ पुरती झाकल्याची खात्री करून घेतली.

माझं हसू तिथेच जिरलं. आजोबांनी मावशींचा हात सोडला, मान ताठ केली आणि त्या सगळ्या माणसांमधून एकटे चालू लागले.