डावखुरा नकलनवीस

हस्तलिखितांच्या ग्रंथालयात दोघींचं टेबल एकच होतं. एका बाजूला ताई, कायम नोकरीतल्या; समोर धाकटी, सहा वर्षं हंगामी. धाकटी हे काही तिचं नाव नव्हे, पण ताईंनी पहिल्याच दिवशी तशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. तिची मुदत आता वर्षअखेर संपत होती. मध्ययुगाच्या अभ्यासकांची परिषद भरणार होती आणि तिथल्या सर्वांत चांगल्या निबंधाला दोन वर्षांची शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर जुन्या पोथ्या हातात राहणार. नाहीतर मामाच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं.

विषय तिला झकास सापडला होता. पाचशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीची निम्मी पानं कुणा डावखुऱ्या नकलनवीसानं उतरवली होती, हे तिनं पसरलेल्या शाईवरून ताडलं होतं. बाकीचे म्हणत, छे, शाई दमटपणानं फुटलीय. धाकटी स्वतः डावखुरी. तिनं बोरू तासला, तशीच शाई केली आणि महिनाभर स्वयंपाकघरात बसून पानंच्या पानं लिहून पाहिली. आई वैतागायची, "अगं, ओटा तरी मोकळा सोड!"

ग्रंथालयाची रीत अशी, की निबंध कुणी परस्पर पाठवायचा नाही. वरिष्ठांनी वाचून पाठवायचा. ताईंनी वाचला, पाठ थोपटली. महिन्याभरानं म्हणाल्या, "नाही गं निवडला. मनाला लावून घेऊ नकोस. ऐकायला तरी चल माझ्याबरोबर."

धाकटी गेली. सभागृहाच्या दाराशी छापील कार्यक्रम हातात पडला. तिसऱ्या ओळीत तिच्याच निबंधाचं शीर्षक होतं, काना-मात्रा न बदलता. खाली नाव ताईंचं. तिनं कागद उलटून मागची बाजूही पाहिली. तिथे चहाच्या वेळा होत्या.

ताई छान बोलल्या. मग एक म्हातारे प्राध्यापक उठले. "बाई, ओलीनंही शाई पसरते. हा हाताचाच डाग कशावरून?"

ताईंनी पाण्याचा घोट घेतला. शेवटच्या रांगेकडे बघून गोड हसल्या. "हे माझी विद्यार्थिनी सांगेल. ये गं, धाकटे."

ती गप्प बसली असती तर ताईंची तिथेच फजिती झाली असती. पण मग तो बिचारा नकलनवीसही पुन्हा ओलीतच बुडाला असता. धाकटी उठली, डाव्या हातात खडू घेतला. "ओल शाईला चहूकडे पसरवते. लिहिताना डावा हात घासला तर डाग एकाच बाजूला जातो, उजवीकडे. आणि ओळ संपली की डागही संपतो." तिनं फळ्यावर काढून दाखवलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष ताईंना म्हणाले, "शिष्या चांगली तयार केलीत हं!"

शिष्यवृत्ती ताईंना मिळाली.

बाहेर व्हरांड्यात ताईंनी तिला गाठलं. "रागावलीस? अगं, तुला तिथे ओळखतं कोण? माझं नाव होतं म्हणून निदान ऐकलं तरी लोकांनी. आणि हे बघ, मी आता दोन वर्षं रजेवर. माझ्या जागी हंगामी माणूस लागेलच. तुझं नाव सुचवते की!"

म्हणजे तेच टेबल, तीच पोथी. धाकटीला हवं होतं ते सगळं ताई तिला देत होत्या, जणू आपल्याच पदरचं.

"बाई," ती म्हणाली. सहा वर्षांत तिनं ताईंना पहिल्यांदाच बाई म्हटलं. "माझ्यासाठी कुणाकडे शब्द टाकू नका."

ताई काहीतरी बोलत राहिल्या. ती जिना उतरत होती.