मारोतीची पोच

नत्थुजींची बायको वच्छला गुरुवारी गेली. पण ते राहू द्या. ही गोष्ट सोमवारची आहे, आणि सोमवारी वच्छला अकोल्याच्या दवाखान्यात बारा नंबरच्या खाटेवर बसून वरणात मीठ नाही म्हणून भांडत होती.

त्याच सकाळी नत्थुजी अमरावतीत, कचेरीमागच्या मारोतीसमोर उभे होते.

"महाराज, शिक्का मारा."

"कायवर?" पुजारी चिंतामण महाराजांनी विचारलं.

"अर्जावर. पोच पाह्यजे."

महाराजांनी कागद वाचला. 'प्रति, श्री मारोतीराय. विषय: पत्नीस बरे करणेबाबत.'

"नत्थुजी, देवाले अर्ज लागते काय? हात जोडा अन् सांगा."

"तोंडी सांगतलेलं कोनतं काम झालं हाय आजपर्यंत?"

नत्थुजी चौतीस वर्षं तहसीलच्या फाटकापाशी लोकांचे अर्ज लिहीत होते. अर्ज एका पानात संपवायचा आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच शास्त्र त्यांना ठाऊक होतं. देवळात शिक्का एकच होता. महाराजांनी तोच मारला: 'प्रसाद दिला'. नत्थुजींनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची गाडी धरली.

दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहा. पास एक, माणूस एक. फाटकावरच्या श्यामनं त्यांना चारला चार मिनिटं कमी असताना अडवलं आणि चार मिनिटं त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

शेजारी तेरा नंबरला माणिकबाई होत्या. वय एक्याण्णव. "देवा, ने मले," एवढंच त्या दिवसभर म्हणत.

"आचलचे बाबा," वच्छला हळूच म्हणाली, "हे बुढी सकायपासून देवाले बलावून राह्यली. तो आला तं पयले आपल्याच खाटेपाशी येईन. दरवाजा इकडंच हाय."

"काई बी बोलतं तू. मी पोच घेतली हाय."

"मारोतीची?"

"शिक्क्यासकट."

वच्छला इतकी हसली की नर्स धावत आली. हृदयाच्या पेशंटनं हसू नये, असा नियम होता.

शुक्रवारी नत्थुजी तिची चादर आणि डबा आणायला गेले. श्यामनं घड्याळ पाहिलं नाही, पासही पाहिला नाही, नुसतं फाटक उघडलं. बारा नंबरवर नवी चादर घातलेली होती. माणिकबाईंना सुट्टी झाली होती. नवं लुगडं नेसून त्या नत्थुजींनीच वच्छलासाठी आणलेलं मोर्शीचं संत्रं खात होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी माह्यासाठी बलावलं होतं."

"मले ठाऊक हाय," नत्थुजी म्हणाले, आणि उरलेली संत्रीही त्यांच्या पिशवीत घातली.

तेरवीनंतर आचल भडकली. एकुलती एक मुलगी, आईवर गेलेली.

"पोच घेतली होती ना, बाबा? त्या बुढीनं ने म्हनलं, तिले ठेवलं. तुमी ठेव म्हनलं, आईले नेलं. फाइली बदलल्या त्यानं!"

"फाइली आपल्याकडं बदलतात. त्याच्याकडं नाई."

"मंग अपील करा."

"कोनापाशी? त्याच्या वर कोनी नाई." नत्थुजींनी खिशातला कागद काढून पाहिला. "अन् पोरी, नाई म्हनलं म्हनजे अर्ज वाचला तं असन. लोकायचे अर्ज न वाचताच पडून राह्यतात."

आचल स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून बराच वेळ भांडी आदळल्याचा आवाज येत होता.

नत्थुजी कामाला लागले. दुपारपर्यंत सगळं ठीक चालायचं. मग ते उठून बडनेऱ्याला जात, अकोल्याची गाडी सुटताना बघत आणि परत येत. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी गाडी सुटल्यावर ते लगेच परतले नाहीत; फलाटाच्या बाकड्यावर बसून त्यांनी नवा अर्ज लिहिला. संध्याकाळी देवळात चिंतामण महाराजांनी त्यावर काही न विचारता शिक्का मारला.

'प्रति, श्री मारोतीराय.
विषय: भेटीचा पास मिळणेबाबत.

महोदय, मागील अर्जाचा निकाल मान्य आहे. अर्जदाराची तक्रार नाही. तथापि रोज चार वाजता कुठे जावे, हे अर्जदारास समजत नाही. तरी सदर महिलेस भेटण्याकरिता दररोज चार ते सहा या वेळेचा, एका व्यक्तीचा पास मिळावा. वेळेच्या चार मिनिटे आधी आत सोडावे, असा आग्रह नाही.

सोबत: जुना पास.'