अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी

"एप्रिल लागला का या खड्ड्याले पाणी पाजत जा, पोरी. रोज एक बादली. इसरू नोको."

तिचे सासरे देवराव हे बोलले तेव्हा ते अकोल्यातल्या त्या भाड्याच्या घराच्या अंगणात उकिडवे बसले होते आणि प्रतीक्षा त्यांचा चहा हातात धरून उभी होती. चौतीस वर्षं लाइनमनची नोकरी केलेला माणूस. अमरावतीहून मुलाचं नवं बिऱ्हाड पाहायला आले आणि खोल्या पाहण्याआधी मीटर पाहायला गेले. खड्डा म्हणजे काय, तर वीतभर रुंद तोंडाचा, वर लोखंडी झाकण, आत मीठ आणि कोळसा. मधोमध एक पाइप आणि त्याला आवळलेली तार भिंतीत शिरलेली.

"घरातल्या कोन्त्याबी यंत्रात करंट फुटला का थो इथून जमिनीत जाते," त्यांनी समजावलं. "पन जमीन ओली पायजे. वाळली का त्याले वाट नाही. मंग थो घरातच हिंडते."

"हो बाबा," प्रतीक्षा म्हणाली आणि चहा पुढे केला.

पाणी तिनं एकदाही टाकलं नाही. नळ पाचव्या दिवशी येणार, तोही तासभर. त्यातली एक बादली रोज खड्ड्यात ओतायची? ती मोबाइलवर नवऱ्याला, सुगतला, हसत म्हणाली होती की तुमच्या बाबांना झाडांपेक्षा खड्ड्याची काळजी जास्त. सुगत चिखलदऱ्याच्या बँकेत; रविवारी घरी यायचा आणि आठवडाभर रेंज असेल तेव्हाच फोनवर सापडायचा.

पुढे तिची मुलगी मैत्री रांगायला लागली. अंगणातलं ते झाकण गंजून एका बाजूनं उचकटलं होतं, त्याच्या धारेशी बाळाचा हात गेलेला प्रतीक्षानं दोनदा पाहिला. तिसऱ्या वेळेची तिनं वाट पाहिली नाही. शेजारी काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलावून तिनं खड्ड्यावर फरशी बसवून घेतली, कडेनं सिमेंट भरून, गुळगुळीत. त्या दिवशी तिला फार बरं वाटलं होतं. घरातली एक धोक्याची जागा कमी झाली.

तिचं कामही घरातच होतं. एमसीए झालेली, अकोल्यातल्या चार कोचिंग क्लासच्या ऑनलाइन परीक्षा ती चालवायची आणि त्या परीक्षा ज्याच्यावर चालायच्या तो सर्व्हर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात होता. नाव सर्व्हर, दिसायला साधा कॉम्प्युटरच. पण निवडताना तिनं दुकानदार पियुषचा जीव खाल्ला होता. त्यानं काचेच्या बाजूचा, आत रंगीत दिवे लागणारा कॅबिनेट पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "हा नको. पूर्ण लोखंडी दाखवा. बाळ आहे घरात, काही आपटलं तर फुटायला नको." डिस्क दोन घेतल्या, एक गेली तरी दुसरीत सगळं राहावं म्हणून. पॉवर सप्लाय लागेल त्याच्या दुप्पट क्षमतेचा. पियुष हसला होता, "ताई, तुमी तं बँकेची तिजोरी बांधून राहिल्या."

मे महिन्यात ती तिजोरी आपोआप बंद-चालू व्हायला लागली.

पहिल्यांदा झालं तेव्हा साठ मुलांची परीक्षा अर्ध्यात तुटली. प्रतीक्षानं उन्हाला दोष दिला. पारा पंचेचाळीसच्या वर होता. तिनं कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी परत. मग रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरानं घासले. मग पॉवर सप्लाय बदलला. शेवटी मैत्रीला कडेवर आणि कॅबिनेट रिक्षात घेऊन ती पियुषकडे गेली. दुकानात तो दोन दिवस अखंड चालला. घरी आणला आणि त्याच दुपारी बसला.

"आणखी एक," तिनं पियुषला फोनवर सांगितलं. "हात लागला की झिणझिण होतंय. बाहेरून, पत्र्याला."

"तेवढं राहतेच ताई. अर्थिंग बरोबर नसली का पॉवर सप्लाय जराक चावते. त्यानं काही होत नाही. चप्पल घालत जा."

प्रतीक्षानं चप्पल घातली. खाली रबरी मॅट अंथरली. सर्व्हरभोवती खोक्यांचा गुडघाभर उंच कोट रचला, कारण अकरा महिन्यांच्या पोरीला चप्पल घालून रांगायला सांगता येत नाही. पण ती झिणझिण तिच्या मनातून जाईना. भाजी चिरताना तिचं लक्ष कोपऱ्याकडे. मैत्री तिकडे वळली की ही चिरणं सोडून उठायची. रोज दुपारी ती हाताची उलटी बाजू पत्र्याला हळूच लावून पाहायची, आणि तिला वाटायचं की कालच्यापेक्षा आज जास्त आहे. आपल्याला वाटतंय की खरंच आहे, हे तिला ठरवता येईना.

म्हणून तिनं वही केली. सर्व्हर कधी बसला, त्या वेळी काय काय चालू होतं, ऊन किती. दहा दिवसांची वही समोर ठेवून ती बसली आणि तिला दिसलं ते उन्हाशी जुळत नव्हतं. एक दिवस आभाळ भरून गार वारा सुटला होता, त्या दिवशीही सर्व्हर बसला. परीक्षा नव्हती त्या दिवशीही बसला. वेळ मात्र दोन ते सव्वादोन. दररोज.

दुसऱ्या दिवशी दोनला ती पाळतीवर बसली. मैत्री आतल्या खोलीत गादीवर झोपली होती. दोन वाजून सहा मिनिटांनी भिंतीपलीकडून खट्ट आवाज आला, मग पाण्याच्या पंपाची घरघर, मग पंख्याचा घोंगावता सूर. घरमालकीण केशरबाई जेवण उरकून पत्र्याचा कूलर लावत होत्या. आणि इकडे सर्व्हरचा दिवा विझला, क्षणभर थांबून परत लागला.

प्रतीक्षानं सासऱ्यांना फोन लावला. देवरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"टेस्टर हाय घरात? चप्पल घाल. आधी तुह्या घराचं मेन पाड."

तिनं पोर्चमध्ये जाऊन आपल्या मीटरखालच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. घरातला पंखा थांबला.

"आता सर्व्हरच्या बोर्डाले वरचं मोठं भोक असते ना, अर्थिंगचं, त्यात टेस्टर घाल. तिथं काईच लागाले नाही पायजे."

टेस्टरमधला तांबडा दिवा लागला. अंधुक नव्हे, चांगला ठसठशीत.

"बाबा, लागतोय."

"मेन पाडलं ना?"

"पाडलं. पंखा बंद आहे."

देवरावांनी हळू विचारलं, "खड्ड्यात पाणी पडते ना, बेटा?"

प्रतीक्षानं अंगणाकडे पाहिलं. "बाबा, मी तो बुजवला. फरशी बसवली. मैत्रीला लागेल म्हणून."

तिला वाटलं आता ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, त्यानं ती जास्त घाबरली.

"आयक. दोन्ही घराचं अर्थिंग त्याच एका खड्ड्यात हाय. म्हातारीच्या कूलरमंदी करंट फुटला, त्याले जमिनीत जागा नाही, म्हनून थो करंट तारेतून उलटा तुह्या घरात येऊन राहिला. तुहा सर्व्हर, फ्रिज, समद्याच्या पत्र्यात. पोरगी कुठं हाय?"

त्याच वेळी तिच्या पाठीमागे फरशीवर तळहात पडल्याचा आवाज झाला. थप, थप, थप. मैत्री उठून आली होती. खोक्यांच्या कोटातलं एक खोकं आडवं पडलेलं, आणि ती त्याच्यावर पोटानं चढून, लाळेनं ओला झालेला पंजा त्या काळ्या पत्र्याकडे नेत होती.

प्रतीक्षानं तिला कशी उचलली ते तिला नंतर आठवलं नाही. फोन पडला. पंजा आणि पत्रा यांच्यात बोटभर अंतर उरलं होतं, तेवढं मात्र तिच्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

तिनं मैत्रीला कापडी झोळीत टाकलं, वरून ओढणीनं बांधलं. पोरगी किंचाळायला लागली. रडतेय म्हणजे ठीक आहे, असं मनाला सांगत प्रतीक्षानं फोन उचलला. देवराव अजून होते.

"आता म्हातारीकडे पाह्य. पन तिले का कशालेच हात नोको लावू. आधी मेन."

प्रतीक्षानं केशरबाईंच्या खिडकीतून आत पाहिलं. केशरबाई कूलरमध्ये पाणी भरत होत्या. अनवाणी. नळी टाकीत सोडलेली, टाकी भरून वाहिलेली, पायाखाली थारोळं. एक हात कमरेवर, दुसरा नळी पुढे सरकवायला पत्र्याच्या दिशेनं चाललेला.

हाक मारावी म्हणून प्रतीक्षानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दचकल्या तर आधाराला काय धरतील? समोर कूलरच होता.

ती स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन पोर्चमध्ये पळाली. दोन मीटर, दोन दांडे. तिचा खाली, दुसरा वर. तिनं लाटण्यानं दुसरा दांडा खाली दाबला. तो गंजलेला होता, हलला नाही. भिंतीपलीकडून मैत्रीचं रडणं एकाएकी थांबलं. का थांबलं, ते पाहायला जायची सोय नव्हती. प्रतीक्षानं लाटण्यावर सगळं अंग टाकलं. दांडा खाली आला.

पंख्याचा सूर खाली खाली गेला.

"गेली मेली लाइट," आतून केशरबाईंचा आवाज आला. प्रतीक्षा तिथंच पायरीवर बसली आणि लगेच उठून घरात पळाली. मैत्री झोळीत ओढणीचं टोक चोखत पडली होती.

दहा मिनिटांनी केशरबाई तिच्या दारात. "तू पाडलं काय वं मेन? काहून? भर उन्हात म्हातारीले भाजतं काय?"

प्रतीक्षानं सगळं सांगितलं. केशरबाईंनी हातानंच उडवून लावलं.

"हट. चावते थो जरासा, मागल्या सालापासून. मले काय मालूम नाही? मी उलट्या हातानं लावतो, काई होत नाही."

"काकू, आज मैत्री गेली असती."

केशरबाईंनी झोळीकडे पाहिलं. पदराच्या टोकानं ओले पाय पुसत त्या खाली टेकल्या. मग म्हणाल्या, "सुंदराचाबी चावते."

"कोण सुंदरा?"

"माही बहीन. दोघीच्या कूलरचे पंप एकाच दिवशी घेतले, एकाच दुकानातून. फोनवर सांगत होती, बाई, माहा कूलर चावून राहिला. म्या म्हटलं, चप्पल घालत जा."

प्रतीक्षानं नंबर मागितला आणि तिथूनच लावला. रिंग गेली. परत लावला. केशरबाई म्हणत होत्या, झोपली असंल, दुपारची झोपते ती, कूलरच्या आवाजात आयकू येत नाही. संध्याकाळी लावला, तरी नाही. देवराव रात्रीच्या गाडीनं आले, पहाटे त्यांनी फरशी फोडली. खड्ड्यात पहिली बादली ओतली तेव्हा माती चर्र वाजून पाणी गिळून गेली, दुसरीही, तिसरीही. आठव्या बादलीला पाणी वर दिसलं. सर्व्हर आज दोनला बसला नाही. केशरबाईंचा पंप भंगारात गेला. आणि सुंदराबाईंचा फोन अजून नुसता वाजतोच आहे, कोणी उचलत नाही.

सुंदराबाई तिकडे शेंदूरजनाघाटात एकट्या राहतात, नात्याचं कोणी नाही. ओळखीचं कोणी नाही. देवराव निघालेत, पण दोन गाड्या बदलून पोचायला रात्र होईल; सुगतला सुट्टी मिळून तो निघेपर्यंत परवा उजाडेल आणि केशरबाईंना गाडी लागते. म्हणून हे तुमच्यासाठी आहे, जे वाचत आहात. शेंदूरजनाघाटात किंवा वरुडकडे कोणी असाल, तर संत्र्यांची प्रतवारी होते त्या आवारामागच्या गल्लीत जा. निळं दार, बाहेर सिमेंटची टाकी. सुंदराबाई म्हणून हाक मारा. "कोन वं?" असं उत्तर आलं की प्रतीक्षाला फक्त एवढं कळवा. उत्तर नाही आलं तर दार ढकलू नका, आधी बाहेरच्या मीटरखालचं मेन पाडा. कोरडं लाकूड हातात घ्या, पायात चप्पल असू द्या, आणि मग आत जाऊन पाहा.