आरशासारखा शाफ्ट

भट्टी विझून महिना झाला, तरी म्हातारबुवा आठच्या ठोक्याला कारखान्यात हजर असायचे. चाळीस वर्षं त्यांनी पोलादाला पाणी दिलं होतं. लालबुंद तुकडा तेलात बुडवायचा आणि नुसत्या चर्र आवाजावरून सांगायचं, जमला की फसला. आता भट्टीच्या जागी सुनेनं लेसरचं यंत्र आणलं होतं. सासऱ्यांसाठी तिनं मऊ गादीची खुर्चीही आणली. ती गादीच त्यांना टोचायची.

"तेल नाही, पाणी नाही, मग कडक कसं होतं गं?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं.

"किरण नुसती वरची साय तापवतो, बाबा. आतलं पोलाद गारच राहतं, तेच झटकन उष्णता ओढून घेतं."

"म्हणजे आपलं आपणच पाणी देतं? भलतंच शहाणं की!"

आज एका पंपवाल्याचा शाफ्ट, म्हणजे पंपातला फिरता दांडा, कडक करायचा होता. पहिलंच मोठं काम. जमलं तर त्याचे सगळे शाफ्ट इथेच येणार. सून फोनवर बोलत होती. म्हातारबुवांनी शाफ्ट पाहिला, तर मधल्या भागावर सगळं काळंकुट्ट! पोरीच्या हातून पुसायचं राहिलं वाटतं, असं म्हणत त्यांनी तो घासला, पुसला, पुन्हा घासला. स्वतःच्या मिश्या दिसायला लागल्या तेव्हा कुठे थांबले. मग शाफ्ट यंत्रात नीट बसवून त्यांनी दार लावून टाकलं.

सुनेनं येऊन घाईघाईत बटण दाबलं. काम झाल्यावर म्हातारबुवांनी शाफ्टवर कानस फिरवली. ती करकरत रुतली. शाफ्ट मऊ तो मऊच.

सुनेचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलं. पंपवाले बाराला येतायत, बाबा. काय तोंड दाखवू?" ती पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासू लागली.

म्हातारबुवांनी बराच वेळ मिशी ओढली. मग हळूच म्हणाले, "त्यावर ते काळं होतं ना..."

"हो, मीच लावलं होतं. चकचकीत पोलाद किरण परत फेकतं, काळं असलं की पिऊन घेतं."

"मी पुसलं ते. मला वाटलं, मळ." त्यांचा आवाज बारीक झाला. "मला आता घरीच बसव, पोरी."

 सुनेनं शाफ्ट उचलून त्यात आपला चेहरा पाहिला आणि खुदकन हसली. "अहो, घरातल्या आरशातसुद्धा मी इतकी छान दिसत नाही!" तिनं काळ्या रंगाचा डबा त्यांच्या हातात दिला. "फासा आता तुम्हीच. पातळ आणि सगळीकडे सारखं. माझ्या हातानं ओघळ येतात."

त्यांनी असा हात फिरवला की कुठे ओघळ म्हणून नाही. यंत्र पुन्हा चाललं. या वेळी कानस शाफ्टवरून सुळकन घसरली.

"जमला!" दोघं एकदम म्हणाली.

बाराला पंपवाल्यानं स्वतः कानस मारून पाहिली, मान डोलावली. "उद्यापासून बाकीचे पाठवतो. पण हा रंग लावणारा माणूस तेवढा सोडू नका हं."

दुसऱ्या दिवशी म्हातारबुवा आठला आले. मऊ गादीच्या खुर्चीवर रंगाचे डबे ओळीनं मांडलेले होते. बसायला जागाच नव्हती.