शेपटीला डोकं फुटलं त्याची गोष्ट

मी एक शेपटी बोलतेय. हसू नका. बिनडोक बोलणारी माणसं तुम्ही रोज ऐकून घेता, मग माझंच काय वावडं?

मी प्लॅनेरिया, पाण्यातला नखाएवढा चपटा किडा. आम्हाला कापलं की प्रत्येक तुकड्याचा पुन्हा अख्खा किडा होतो. म्हणून अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहराजवळच्या एका प्रयोगशाळेत आमची बडदास्त.

दर उन्हाळ्यात तिथे गरीब घरची शाळकरी मुलं संशोधनाला येतात आणि शेवटी आपलं काम पोस्टरवर मांडून सगळ्यांना दाखवतात. गेल्या वर्षी यारेत्सी आली. तिच्या घरचे सगळे पीचची फळं निवडायच्या शेडमध्ये कामाला, आणि उन्हाळा म्हणजे पीचचा हंगाम. एलिसेओमामा तिला सोडायला आला की दारातूनच टोमणा मारायचा.

"आम्ही घाम गाळायचा, आणि तू गार खोलीत किडे पोसायचे!"

"पोसत नाही मामा, कापते."

"मग शेडमध्ये ये की. चाकू तिथेही आहे."

आईने तर बजावलंच होतं: यंदा काही जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात शेड.

कापण्याआधी आठवडाभर आम्हाला उपाशी ठेवायचं, हा इथला नियम. यारेत्सीला ते बघवेना. तिच्या घरी दवाखान्यात निघालेल्यालाही आधी पोटभर कोंबडीचा रस्सा पाजतात. कापायच्या आदल्या दिवशी तिने गुपचूप आम्हाला कलेजी घातली. आम्ही मिटक्या मारत खाल्ली. दुसऱ्या दिवशी ब्लेड फिरलं, भरल्या पोटातलं सगळं पाण्यात सांडलं, पाणी नासलं आणि माझे भाऊबंद विरघळून गेले. मागे उरले मी, डोकं नसलेली.

मुलांवर देखरेख करणारा ग्रॅहम नावाचा थोराड विद्यार्थी होता. त्याने बशीत डोकावून नाक मुरडलं. "ओतून टाक हे. शेजारच्या बशीतल्या किड्यांचे फोटो लाव पोस्टरवर. उन्हाळी मुलांचं पोस्टर कोण बारकाईने बघतंय?"

मला असा संताप आला म्हणून सांगू! डोकं नव्हतं, तरी आला.

यारेत्सीचे कान लाल झाले. "चूक माझी आहे. मीच खायला घातलं. पोस्टरवर तेच लिहीन. आणि ही अजून हलतेय, हिला ओतायचं नाही."

तिने मला वेगळ्या बशीत ठेवलं, रोज पाणी बदललं. मीही हट्टाला पेटले. आधी पांढरं टोक आलं, मग दोन डोळे. तिरळे आहेत, पण आमच्यात तसेच असतात.

पोस्टरच्या दिवशी मामा शेडमधून तसाच आला, शर्टाला पीचची लव चिकटलेली. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दचकून मागे सरला. "अगं, ही माझ्याकडे रागाने बघतेय!"

"बघणारच. तू काय काय बोललायस, ऐकलंय तिने."

ग्रॅहमला राहवलं नाही. "एकाच किड्यावरून काही सिद्ध होत नसतं."

"माहीत आहे," यारेत्सी म्हणाली. "म्हणूनच पुढच्या उन्हाळ्यात परत येणार आहे."

"आणि मी सोडायला येणार आहे," मामा म्हणाला. "हिच्या आईशी मी बोलतो."

आता पुन्हा पीच पिकलेत. वर्षभरात मी आपणहून तुटत गेले, वाढत गेले, एकीच्या कितीतरी झाले. बशी पुरेना म्हणून आम्हाला मोठ्या भांड्यात हलवलंय. आठवडाभर आम्ही उपाशी आहोत, अगदी नियमाप्रमाणे. बाहेर मामाच्या गाडीचं दार आपटलं. ये पोरी, ब्लेड घे. आणि ग्रॅहम, एकच किडा म्हणत होतास ना? बस आता मोजत.